दोनशे बारा, टेक चार

ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. मी वाद घालणार नाही. माझं सगळं आयुष्य जे दिसलं तेच कागदावर उतरवण्यात गेलं. एकदाच चुकले... आणि त्या चुकीचीच ही हकिगत आहे.

तारीख तीन फेब्रुवारी १९७१. बुधवार. नॉर्थम्बरलँडचा किनारा. दुपारचे पावणेतीन.

मी नेटी ॲस्क्यू. ऑल्विन थॅक्रा साहेबांच्या दहाही चित्रपटांची कंटिन्युइटी मी सांभाळली. मांडीवर संहिता, गळ्यात स्टॉपवॉच. कुणी कप कुठल्या हातात धरला, कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, सगळं टिपून ठेवायचं. एक प्रसंग तुकड्यातुकड्यांत चित्रित होतो. ते तुकडे जुळले नाहीत, तर दोष माझा.

साहेबांचा पहिला चित्रपट हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायकांवर होता. मग खाणीवरचा आला, मग चर्चमध्ये गाणाऱ्या गिरणी कामगारांवरचा. माणसं खरी हवीत, पाऊसही खराच हवा, हा त्यांचा हट्ट. नऊ चित्रपट झाले होते. दहावा पूर्ण झाला असता, तर त्यांच्या तोडीचा दिग्दर्शक देशात दुसरा नाही असं सगळे म्हणाले असते.

आणि दहाही चित्रपटांत एक माणूस ठरलेला होता. क्लेम रज.

हा साठीचा, वाकड्या नाकाचा नट कधी नायक झाला नाही. पण तो सेटवर आला की चहा गोड लागायचा. मला तो 'बाईसाहेब' म्हणायचा. माझ्या स्टॉपवॉचवरून सारखा पिडायचा. आणि प्रत्येक टेकच्या आधी मागे वळून एकच प्रश्न.

"बाईसाहेब, कुठला हात?"

त्याला माहीत असायचं. तरी विचारायचा. मी सांगितल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही.

दुसरी एक गोष्ट. चित्रीकरण संपलं की त्या जागेची नुसती शांतता एक मिनिट ध्वनिमुद्रित करायची असते. सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. क्लेमला ते कधी जमलं नाही. वाकड्या नाकातून श्वासाची बारीक शिट्टी वाजायची. ध्वनिमुद्रक वैतागून त्याला पन्नास पावलं लांब पाठवायचा.

ती शिट्टी लक्षात ठेवा...

त्या दिवशी सकाळी क्लेम झोपडीतून कंदील घेऊन बाहेर येतो, असा समोरून शॉट झाला. पावसाने माझा कागद भिजला. जेवणाच्या सुट्टीत मी तो आठवून पुन्हा लिहिला. क्लेम समोरून येताना डोळ्यांपुढे आणला आणि लिहिलं, कंदील डाव्या हातात.

दुपारी तोच प्रसंग पाठीमागून, शॉट नंबर दोनशे बारा. म्हातारा कोळी ओहोटीच्या वाळूवरून समुद्राकडे चालत जातो. क्लेम डावखुरा होता. डाव्या हातातल्या काठीने वाळू कुठे रुतवते ते चाचपत, उजव्या हातात कंदील धरून तो गेला आणि परत आला. दोन टेक झाले. साहेब खूश होते. माणसं सामान आवरायला लागली होती.

तेवढ्यात मी तोंड उघडलं.

म्हटलं, कंदील डाव्या हातात हवा, सकाळी डाव्यात होता.

गावातला एक खरा कोळी म्हणाला, पाणी फिरलंय, भरती लागलीय, आता कुणी जाऊ नका. साहेबांनी समुद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

क्लेम हसत हसत पुन्हा आपल्या जागेवर गेला. वळला.

"बाईसाहेब, कुठला हात?"

"डावा."

काठी उजव्या हातात गेली. त्याला ती नीट टेकता येत नव्हती.

मी स्टॉपवॉच दाबलं. वीस सेकंद. तीस. चाळीस...

सत्तेचाळिसाव्या सेकंदाला कंदील एकदम खाली गेला.

सगळ्यांना वाटलं, अभिनय चाललाय. हा अभिनय नाही, हे मला माहीत होतं. संहितेत गुडघे टेकणं नव्हतं आणि संहिता माझ्या मांडीवर होती. पण सेटवर 'कट' फक्त दिग्दर्शक म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याची नोकरी जाते. मी साहेबांकडे पाहत राहिले.

अठ्ठावन्नाव्या सेकंदाला साहेब ओरडले.

उशीर झाला होता. कुणी पोचायच्या आत रुतत्या वाळूने आणि भरतीने त्याला गिळलं. क्लेम दोन दिवसांनी सापडला.

तीन आठवड्यांनी संकलनाच्या खोलीत साहेबांनी सकाळचा शॉट लावला. आम्ही दोघंच होतो. पडद्यावर क्लेम झोपडीतून बाहेर आला.

कंदील उजव्या हातात होता.

मी कागद पुन्हा लिहिताना त्याला समोरून आठवलं होतं. माझ्या डाव्या बाजूला दिसलेला हात डावा म्हणून लिहिला होता. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात, नटाचा हात नटाच्या बाजूने लिहायचा.

साहेबांनी यंत्र बंद केलं.

"हे रीळ डब्यात ठेव, नेटी. आणि घरी जा."

चौकशीत त्यांनी सांगितलं की तिसरा टेक ही त्यांची स्वतःची लहर होती. वर्तमानपत्रांनी त्यांना सोलून काढलं. त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. चौतीस वर्षं ते गप्प राहिले. मीही गप्प राहिले. याची मला लाज वाटते.

साहेब २००५ साली गेले. पुढच्या नोव्हेंबरात टॅम्सिन ऑर्ड नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात ती काम करते. साहेबांचे सगळे चित्रपट दाखवायचे आणि शेवटी दहाव्याचे उरलेले तुकडे, असं ठरलं होतं. पण तिला एक कोडं पडलं होतं.

"तुमच्या कागदावर दोनशे बाराचे तीन टेक आहेत. रिळात चार कसे?"

मी म्हटलं, तीनच आहेत, पुन्हा मोज.

"चारदा मोजलेत, मिस ॲस्क्यू. तुम्ही या ना."

गेले, सवयीने जुनं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून. सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

पहिला टेक. दुसरा. तिसऱ्याला मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर शॉटचा आकडा लिहिलेली पाटी होती. दोनशे बारा, टेक चार. पाटी धरणारा हात दिसत नव्हता...

पाटी खाली गेली. तीच वाळू. तेच आभाळ.

पण आवाज नव्हता. वारा नाही, समुद्र नाही. टॅम्सिनने आवाजाचं बटण फिरवलं.

तेव्हा ऐकू आली...

ती बारीक शिट्टी.

क्लेम पाठमोरा उभा होता. कपडे ओले. डाव्या हातात कंदील. एक पाऊलही पुढे टाकत नव्हता. मग हळूहळू वळला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहायला लागला. दहा सेकंद गेले. वीस...

"हा कुणाची तरी वाट बघतोय का?" टॅम्सिनने हळूच विचारलं.

मला कळलं होतं. पस्तीस वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी त्या पडद्याला सांगितलं.

"उजवा, क्लेम. उजवाच होता. मी चुकले."

तो हसला. देवाशपथ हसला.

त्याने कंदील उजव्या हातात घेतला, काठी डाव्यात. मला रडू फुटलं. वाटलं, झालं, सुटला बिचारा. मीही सुटले.

मग तो वळला...

आणि चालायला लागला. समुद्राकडे.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. स्टॉपवॉच चालू होतं. मी दाबलेलं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या सेकंदाला कंदील खाली गेला.

टॅम्सिनने रीळ मागे फिरवलं. पुन्हा लावलं. तीनच टेक होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. साहेबांचा दोष नव्हता, हे लिहून घे म्हटलं. तिने लिहून घेतलं.

वाटलं होतं, आता संपेल.

काल तिचा फोन आला. दिवसाढवळ्या, पण आवाज अगदी खाली गेलेला.

"पाचवा आलाय. कंदील उजव्या हातात आहे. पण अजून निघालेला नाही. पाठमोरा उभा आहे. मी यंत्र बंद करून ठेवलंय. तुम्ही याल?"

गुरुवारी जाणार आहे.

हात कुठला, हे आता मी बरोबर सांगितलंय. तरी तो परत पहिल्या जागेवर येऊन उभा आहे. म्हणजे दुसरं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते मला माहीत आहे. सत्तेचाळिसावा सेकंद यायच्या आत कुणीतरी 'कट' म्हणायला हवं. साहेब आता नाहीत.

सकाळपासून स्वयंपाकघरात एकटी उभी राहून तो एक शब्द म्हणून बघतेय.

अजून तोंडातून बाहेर पडलेला नाही.