गोळा मागणारा हात

आमच्या घरात एक नियम होता: बाबांच्या शेवटच्या गाडीबद्दल विचारायचं नाही. बाबा इंजिन ड्रायव्हर. रॉकेटच्या चाचणी मैदानाकडे जाणाऱ्या एकेरी लाइनवर, बोगद्यात गाड्यांची टक्कर होऊन गेले. मी चार वर्षांची होते. चौकशीत ठरलं की लाइन मोकळी असल्याचा परवाना म्हणून स्टेशन मास्तर देतो तो लोखंडी गोळा न मागताच त्यांनी गाडी हाकली. चूक त्यांचीच. आईनं त्यांचा फोटोसुद्धा कपाटात ठेवलाय.

यंदा आम्ही तिघी मैत्रिणी कार काढून जुनी स्टेशनं आणि रॉकेटच्या जागा बघत निघालो. दिवसभर चौथऱ्यावर उभं करून ठेवलेलं गंजकं रॉकेट पाहिलं आणि रात्री मोठ्या काकांकडे मुक्कामाला आलो. काका निवृत्त स्टेशन मास्तर. उद्या बोगद्याजवळचं बंद स्टेशन बघणार, असं मी म्हणाले आणि काकू वाढता वाढता थांबली. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून मैत्रिणींना विचारलं, गाडी ही चालवते का? मग भुतांनीच जपून राहावं. आम्ही हसलो. जेवणं झाल्यावर त्यांनी ओसरीवरचा दिवा मालवला आणि सांगायला घेतलं.

"माझ्या ओळखीच्या एका मास्तरची गोष्ट आहे. अगदी खरी. लाइन बंद होऊन वर्ष झालं होतं. त्या स्टेशनातलं गोळ्याचं यंत्र संग्रहालयाला हवं होतं, ते सोडवून आणायला याला पाठवलं. मंगळवार, नऊ तारीख. पाने-पक्कड घेऊन दुपारी पोचला. बोल्ट गंजलेले, काम लांबलं. जीप आता सकाळीच येणार. तिथेच बाकावर आडवा झाला.

ते यंत्र म्हणजे काय, तर लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. आणि समोरून गाडी सुटलेली असेल, तर यंत्र गोळा सोडतच नाही.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी यंत्राची घंटा वाजली. पलीकडच्या स्टेशनाला जोडणाऱ्या तारा तर कधीच्या कापलेल्या...

याला वाटलं, उंदीर असेल. पुन्हा वाजली. मग फलाटावर बूट वाजले. सावकाश. खिडकीपाशी थांबले. गजांतून हात आत आला. तेलकट. तळवा वर.

'मास्तर, गोळा.'

एवढंच. हात तसाच... तसाच. टक्कर झाली त्या रात्रीसारखा. तेव्हाही ड्रायव्हरनं असाच हात पुढे धरला होता. यंत्र गोळा सोडेना. पहाटे रॉकेटची चाचणी, वरून फोनवर फोन. मास्तरला वाटलं, नेहमीसारखं यंत्र अडकलंय. म्हणाला, जा तू, लाइन मोकळी आहे. आणि बोगद्यात..."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"उजाडल्यावर कोणी नव्हतं. खिडकीच्या चौकटीवर पाच बोटं उमटली होती. तेलाची. तीनदा रंग दिला त्यानं. अजून वर येतात. म्हणून सांगतो, उद्या तिकडे जायचं नाही."

एका मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला.

"म्हणजे बाबांनी गोळा मागितला होता."

काकू घाईघाईनं म्हणाली की गोष्ट ती, मनाला लावून घेऊ नये, आणि मोठ्यांना असं उलटून विचारू तर मुळीच नये.

"अठरा वर्षं नाही विचारलं," मी म्हणाले. "उद्या मी जाणार. आणि आत्ता आईला फोन लावून सगळं सांगणार. फक्त एक सांगा काका, बंद पडलेल्या स्टेशनाला तीन-तीनदा रंग द्यायला कोण जातं? बाबा गेले त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं?"

काकूनं काकांकडे पाहिलं. मी फोन कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत होती आणि ओसरीवर दोघांपैकी कोणीही, लावू नकोस, असंसुद्धा म्हणालं नाही.