तिसऱ्या डब्यातला कानिफ

गाडी बघायची तर जागा चांगली हवी. लोक उगाच स्टेशनावर गर्दी करतात. स्टेशनावर गाडी कुठं दिसते? बोचकी, हमाल आणि दुसऱ्यांच्या पाठी दिसतात. आमच्या वांबोरीच्या अंगाला तीन जागा बऱ्या आहेत. एक ओढ्यावरची मोरी. तिच्याखाली बसलं की गाडी डोक्यावरून जाते, छातीत धडधडतं, पण दिसत काहीच नाही. दुसरी सिग्नलजवळची बाभळ. सावली आहे, काटेही आहेत. तिसरी जागा मात्र खरी. घाटाच्या वळणावर रुळांना लागून एक सपाट खडक आहे. मनमाडकडून येणारी संध्याकाळची गाडी तिथं चढाला लागते आणि धापा टाकत इतकी हळू होते, की खिडकीतल्या माणसानं दाढी कधी केली असेल तेसुद्धा सांगता यावं. घाई असलेले लोक तिथंच उडी मारून उतरतात.

मी इथल्या वाडीवरच्या शाळेत मास्तर. चार इयत्ता, एक खोली आणि मी एकटा. घरी बायको, इंदू, किती दिवसांपासून अंथरुणाला खिळलेली. शेजारची बनुबाई संध्याकाळी घटकाभर तिच्यापाशी बसते. तेवढ्या वेळात मी खडकावर जायचो. कोणीतरी कुठंतरी चाललंय, एवढं बघायला मिळालं की मला बरं वाटायचं. हसू नका. दमलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

बेचाळीसच्या दिवाळीनंतर कडूबाई तिथं यायला लागली. दोष माझाच, जागा मीच दाखवली. तिचा एकुलता एक लेक कानिफ लढाईवर गेला होता. सिंगापूर पडलं तेव्हापासून त्याचं पत्र नाही, तार नाही. रजेवर येणारी लष्करातली पोरं याच गाडीनं नगरला जात. कडूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून गाडी गेली की ती मला विचारायची,

"मास्तर, दिसला का वो?"

"नाही, कडूबाई."

"बरं. उद्या यील."

हे असं रोज, वर्षभर. तुम्ही म्हणाल, दया येत असेल. महिनाभर आली. पुढं पुढं गाडीचा शेवटचा डबा दिसला, की तिचा प्रश्न यायच्या आधीच माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची.

एकदा इंदू रात्रभर खोकत होती. दिवसभर शाळेत मी उभ्या उभ्या पेंगलो. संध्याकाळी गाडी गेली, कडूबाईनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दिसला."

ती चाचपडत माझ्याजवळ सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "खरं?... कंच्या डब्यात?"

"तिसऱ्या. खिडकीशी बसला होता. डोक्याला पांढरा रुमाल होता. हात केला तुम्हाला."

"मंग उतरला न्हाई?"

"हुकूम नसेल."

"व्हय. सरकारची चाकरी," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसली. त्या दिवशी तिनं वाडीभर गूळ वाटला. मीही खाल्ला.

एक थाप मारली की रोज मारावी लागते. आज हसत होता. आज बिडी ओढत होता. आज जरा वाळलेला वाटला. खोटं कशाला सांगू, मला ते सोपं जायला लागलं होतं. कडूबाई खुशीत असायची, इंदूसाठी गरम भाकरी आणून द्यायची, आणि एका शब्दात माझी सुटका व्हायची.

आणि चव्वेचाळीसच्या शिमग्याच्या सुमारास तो मला दिसला.

उन्हं अजून लख्ख होती. तिसरा डबा समोर आला. बाकीच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, एका बाकावर मात्र एकटाच माणूस. डोक्याला पांढरा रुमाल. खाकी बाही वर झाली, हात हलला. गाडी पुढं गेली आणि कोळशाच्या धुरात मला खडूचा वास आला... आमच्या शाळेतल्या खडूचा.

"मास्तर, दिसला का वो?"

थापा सुरू झाल्यापासून मला पहिल्यांदाच खरं बोलायचं होतं.

"दिसला," मी कसंबसं म्हणालो.

त्यानंतर तो रोजच दिसला. जायचं बंद केलं तर कडूबाई घरी बोलवायला यायची, म्हणून मी जात राहिलो.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात खरा कानिफ आला. भर दुपारी, पायी. जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढलेली, अंगाची नुसती हाडं राहिलेली. दारात उभा राहून "आये" म्हणाला. कडूबाईनं त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले आणि हात मागं घेतला.

"कोन रं बाबा तू? माजा कानिफ तर रोज गाडीनं जातो. कालच हात केला त्यानं."

तो माझ्याकडं आला आणि लहान पोरासारखा रडला. "मास्तर, तुमीच सांगा तिला. मला दुसरं कोन हाय?"

मी गेलो. तिच्यासमोर हात जोडले. "कडूबाई, मी खोटं बोलत होतो. त्या दिवशी कोणी दिसलं नव्हतं."

ती मायेनं म्हणाली, "मास्तर, तुमी लई दमलाय. घरी जावा, निजा."

मग कानिफ म्हणाला, "तिला घिऊन गाडीपाशी चला. गाडीत कोनी न्हाई ह्ये मी तिला सांगतो. मंग तरी मला वळखंल." मी त्याला अडवायला हवं होतं. डब्यात काय दिसतं ते सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं थापा मारून माझ्यात खरं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघं खडकावर बसलो. गाडी चढाला लागली. इंजिन गेलं. पहिला डबा गेला. दुसरा गेला. कानिफनं आईचा हात धरला. "आये, ऐक, गाडीत कोनी..."

पुढचा शब्द त्यानं गिळला. कडूबाई उठून उभी राहिली होती. पांढरे पडलेले तिचे डोळे नेमके तिसऱ्या डब्याकडं लागले होते. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा हाक मारली.

"कानिफ! आता उतर रं... तुज्या जागी दुसराच कोनी यिऊन बसलाय!"

पांढऱ्या रुमालाचा तो डब्याच्या दारात आला. दांडा धरून एक पाय खाली सोडला आणि चढावर लोक उतरतात तसाच सहज उतरला. रुमाल पुढं ओढलेला होता. कडूबाईनं लेकाच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला आणि त्याचा धरला. दोघं पायवाटेनं वाडीकडं निघाली. ती एकसारखी बोलत होती.

गाडी वळणाआड गेली तरी कानिफ तिथंच उभा होता. पायवाटेकडं बघत त्यानं विचारलं, "मास्तर... त्यो कोन हाय?"

"मी सांगितलेला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खरा कानिफ मनमाडला निघून गेला. जाताना एवढंच बोलला, "आयेला सांबाळायला कोनीतरी हाय. झालं." त्याच्या पाठीकडं बघताना मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

वाडीत कोणाला काही वावगं वाटत नाही. कडूबाईचा लेक आला, लई राबतो, कमी बोलतो, असं म्हणतात. कडूबाईच्या चेहऱ्यावर तेज आलंय. तो मात्र रोज सकाळी शाळेच्या आधी माझ्या दाराशी येतो. उंबऱ्याबाहेर, पाठ करून उभा राहतो.

"मास्तर, आये म्हनती, ल्हानपनी मी हिरीत पडलो हुतो. मला कोनी काढलं?"

मला काय माहीत? मी काहीतरी सांगतो. तो मान हलवतो आणि जातो. आतून इंदू विचारते, "कोण हो?" मी म्हणतो, "कोणी नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा प्रश्न. दमलोय मी आता, खरंच दमलोय.

आज सकाळी मात्र त्यानं लहानपणाचं काही विचारलं नाही. मग हळू म्हणाला, "मास्तर, लढाईत मी... जगलो का मेलो? त्ये तुमी ठरवलंच न्हाई."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

तेव्हापासून तो गेलेला नाही. मघाशी तुम्ही आत आलात, ते त्याच्या शेजारूनच.