मंगळवारची नर्स

मी घाबरणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्या मंगळवारी नेहमीसारखी इथल्या, परदेशातल्या, फ्लॅट बुशच्या शाळेत सिद्धीला आणायला गेले. दप्तर माझ्याकडे देत ती म्हणाली, “आई, द नर्स चेक्ड माय नेक अगेन. हर हँड्स आर हीप्स कोल्ड.” हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत खूप.

ऑफिसात विचारलं, तर शाळेला नर्सच नव्हती. कुणीतरी परकं माणूस माझ्या नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्याला हात लावतंय म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठे, विचारल्यावर सिद्धीने मैदानापलीकडची लाकडी खोली दाखवली. शंभर वर्षांपूर्वीचा शाळेचा दवाखाना. आता तिथे फुटबॉलच्या जाळ्या ठेवतात.

तिला ऑफिसात बसवून मी एकटीच गेले. थंडीचे ढगाळ दिवस, चारलाच अंधारून आलेलं. आत जुन्या औषधांचा उग्र वास होता. मागे दार हलकेच लागलं... आणि पाठीमागून दोन हात आले. गारठलेली बोटं माझ्या जबड्याखालून गळ्यावर उतरली, सावकाश, सराईतपणे.

“स्वॅलो, डिअर...”

मी आवंढा गिळला. पाय पळायला बघत होते, पण मी पळाले तर उद्या तिथे सिद्धीच असणार होती.

“माझ्या मुलीला हात लावायचा नाही,” मी मराठीतच बजावलं.

बोटं एका जागी थांबली, दाबली गेली... आणि सुटली. वळून पाहिलं तर नुसत्या जाळ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टर विभावरीताईंकडे गेलो. गळा तपासताना त्यांचंही बोट नेमकं तिथेच थांबलं.

“नीता, मीठ कुठलं वापरतेस?”

“सैंधव,” मी तोऱ्यात म्हणाले. “आणि ब्रेडला घरात थारा नाही.”

“अगं, इथल्या मातीत आयोडीन फार कमी, म्हणून इथे ब्रेडमध्येही आयोडीनचं मीठ घालतात. सैंधवात ते जवळजवळ नसतंच. पूर्वी शाळाशाळांतून नर्स मुलांचे गळे चाचपायच्या, गलगंडासाठी. तपासण्या करू, पण मला तुम्हा दोघींचीही तीच सुरुवात वाटतेय. वेळेवर आलात.”

रिपोर्ट तसेच आले. पोरीच्या गळ्याशी खेळ मीच मांडला होता. लाज वाटली, रडलेही. मग सैंधव फेकून आयोडीनचं मीठ आणलं, गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत. सहा महिन्यांत सिद्धीची सूज उतरली. नर्स आता शाळेत येत नाही, असं ती म्हणते.

परवा मी स्वयंपाकघरातून टेबलाशी आले, तोवर माझा नवरा श्रीनाथ जेवायला लागला होता.

“आमटीत मीठ अगदी बरोब्बर पडलंय आज,” तो म्हणाला. सिद्धीनेही वाटी पुढे केली.

माझ्या हातात मिठाची बरणी होती. आमटीत मीठ घालायचंच राहिलं म्हणून मी ती घेऊन आले होते.