दर रविवारचा व्ह्यूफाइंडर

"स्क्रीन गेलीय ह्याची," प्रियदर्शनीनं आपला छोटासा मिररलेस कॅमेरा काउंटरवर ठेवला. "उन्हात न्हेलं की काय दिसतच न्हाय बघा."

राजारामपुरीतल्या त्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात राजवीर एकटाच होता. त्यानं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, सुरू केला... आणि हसला.

"कॅमेरा ठणठणीत हाय की. मागची स्क्रीन उन्हात अशीच काळी दिसती. चूक उन्हाची हाय."

"मग उन्हाला आणू व्हय दुरुस्तीला?"

राजवीरनं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. भर दुपारी असं फटकळ गिऱ्हाईक दारात उभं राहील, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

हुपरीला प्रियदर्शनीच्या घरातच पैंजणांचा कारखाना होता. घडवायचे तिच्या वडिलांनी, आप्पांनी, बांधाबांध करायची चुलती आक्कानं, आणि मोबाईलवरच्या गिऱ्हाइकांसाठी फोटो काढायचे हिनं. चांदीला सकाळचं ऊनच लागतं, ट्यूबलाइटखाली ती आजारी दिसते, असं तिचं ठाम मत होतं.

राजवीरनं खणातून काडेपेटीएवढी एक वस्तू काढली आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश लावायच्या खाचेत सरकवली.

"हा व्ह्यूफाइंडर. वरनं लावायचा. डोळा टेकवला की मागची स्क्रीन आपोआप बंद, चित्र ह्याच्या आत. ऊन बसतंय बाहेर."

दुकानाच्या पायरीवर येऊन तिनं चष्मा काढला आणि डोळा लावला. "सगळं पुसट हाय..."

"थांबा की. तुमच्या नंबराला जुळवायला लागतंय." समोर उभं राहूनच तो हात लांबवून बाजूचं बारकं चाक फिरवू लागला. "दिसलं की सांगा."

आधी निळा शर्ट, मग शर्टाची बटणं, मग गालावरची खळी... आणि मग थेट तिच्याकडंच पाहणारे दोन डोळे. सगळं लख्ख दिसत होतं. तरी ती म्हणाली, "अजून थोडं फिरवा..."

त्यानं फिरवलं, आणि तो पुन्हा पुसट झाला.

"मागं! मागं फिरवा!" ती घाईघाईनं म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

व्ह्यूफाइंडर विकायचा नव्हता. असे बनायचे कधीच बंद झाले होते आणि राजवीरकडं हा एकच होता. "वापरा बिनधास्त. फक्त रविवारी आणून द्या."

रविवारी तिनं आणून दिला. त्यानं तो पुसला, तपासला, आणि पुन्हा तिच्याच हातात ठेवला. "न्ह्या अजून एक आठवडा." असे पाच रविवार गेले. पुसायला दोन मिनिटं लागायची, आणि हुपरीची तिसरी एसटी सुटेपर्यंत गप्पा संपायच्या नाहीत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

आणि सहाव्या शनिवारी व्ह्यूफाइंडर नाहीसा झाला.

तिनं घर उलथंपालथं केलं. कारखान्यातला केरसुद्धा चाळला. कुठंच नाही! दुसरा आणून द्यावा तर बाजारात मिळत नाही. एवढ्या विश्वासानं दिलेली वस्तू आपण घालवली, आता तो आपल्याकडं तसं कधीच बघणार नाही... या धास्तीनं दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गेलीच नाही, आणि त्याचे फोनही उचलले नाहीत. 'माझं काय चुकलं का?' असा त्याचा मेसेज आला, तेव्हा ती उशीत तोंड खुपसून रडली.

पण लपून किती दिवस राहणार? पुढच्या रविवारी ती दुकानात जाऊन उभी राहिली, आणि बसमध्ये घोकलेलं सगळं विसरून एकदम म्हणाली, "हरवला... तुझा व्ह्यूफाइंडर हरवला माझ्याकडनं."

राजवीर मटकन स्टुलावर बसला. मग दोन्ही हातांनी तोंड पुसून त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"अगं, मला वाटलं घरच्यांनी तुझं लगीन ठरवलं! आठ दिवस जेवण गोड लागलं न्हाय मला. व्ह्यूफाइंडर गेला तर गेला की... तू आलीस न्हवं?"

आठ दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलावा, तसं तिला झालं. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे भरून आले. तेवढ्यात आक्काचा फोन आला. आक्काचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"पोरी, गुजरीतनं सराफांचा, आपल्या हंबीररावांचा फोन आलता! आठवडाभर लेकीकडं गेलतं ते, आज आपलं पैंजणांचं पार्सल उघडलं. वजन जास्त भरतंय म्हणालं. बघत्यात तर गुलाबी कागदात तुझं ते काळं कायतरी! पैंजणांच्या पाटावर पडलेलं, मीच गुंडाळलं वाटतं गं..."

दोघं एकमेकांकडं पाहून खो खो हसत सुटली.

"चल, गाडी काढतो. घेऊन येऊ," राजवीर म्हणाला. "आणि आता तो तुझ्याकडंच राहू दे. कायमचा."

"मग दर रविवारी मी यायचं कसं?"

"तू कशाला? येत्या रविवारी मीच येतो हुपरीला." त्याचा आवाज जरा अडखळला. "आप्पांना... विचारायला."

प्रियदर्शनीनं कमरेवर हात ठेवले. "आप्पांना मागनं. आधी मला विचार की!"

त्यानं विचारलं. अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असं.

"व्हय!" ती म्हणाली, ते मात्र इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं वळून पाहू लागली.