पडदा पांढरा पडला नाही

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मला कुणाला पटवायचं नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय हे. त्याला मीठमसाला लावायला माझी जीभ धजावणार नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती.

ऑगस्टमधला रविवार. भर दुपार. मिलवॉकीच्या दक्षिण भागातलं व्हेस्टा थिएटर. बाहेर ऊन असं, की रस्त्याचं डांबर बुटांना चिकटत होतं. आत गारव्यात बसून लोक एक जुना हंगेरियन सिनेमा बघत होते.

मी डेल्फीन. व्हेस्टाच्या तिकीट खिडकीवर माझी उभी हयात गेली. माझा धाकटा भाऊ कॅझ तिथलाच ऑपरेटर. आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. तो वरच्या मजल्यावर, मी खाली. त्याचं लग्न मोडलं, माझं झालंच नाही. सकाळी भांडायचं आणि संध्याकाळी एका टेबलावर जेवायचं, असं आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, उकाड्यात काम करू नका, एकटे राहू नका.

पण उन्हाळी मोसम आला, आणि कॅझ कुणाचं ऐकतोय!

व्हेस्टाचा उन्हाळी मोसम म्हणजे दर रविवारी दुपारी एक जुना सिनेमा, तोही खऱ्या फिल्मवर. संग्रहालयांकडून रिळांचे डबे येतात. रिळं एकमेकांना जोडायची नाहीत, ही त्यांची अट. म्हणून प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये दोन मशीन. एकावरचं रीळ संपत आलं, की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो. ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करायचं. पुन्हा ठिपका चमकला, की पायाने पट्टी दाबायची. चित्र या मशीनवरून त्या मशीनवर. मग संपलेलं रीळ उतरवायचं, पुढचं चढवायचं. शेवटपर्यंत हेच.

चुकलं, तर पडदा पांढरा पडतो.

आणि व्हेस्टात पडदा पांढरा पडत नाही. हा आमचा शिरस्ता. एमिलने घालून दिलेला.

एमिल ड्रेगर म्हणजे कॅझचा गुरू. उन्हाळ्यातसुद्धा टाय, आणि टाचांना लोखंडी नाल मारलेले बूट. एकदा शो चालू असताना त्याला इस्पितळातून फोन आला. बायको शेवटच्या घटका मोजत होती. एमिलने फोन ठेवला… आणि पुढचं रीळ चढवलं. सिनेमा संपवूनच निघाला. तोवर ती गेली होती.

हा किस्सा आम्ही लोकांना कौतुकाने सांगायचो. कौतुकाने! विचार करा.

एमिललाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्या रविवारी हॉल गार होता, पण वरची केबिन म्हणजे नुसती भट्टी. तिथला पंखा आठवडाभर बंद होता. जिन्याच्या पायथ्याशीच मी कॅझला अडवलं.

"आज तरी कुणाला सोबत घेऊन बस. डॉक्टर काय म्हणाले, विसरलास?"

"डॉक्टरांनाच पाठव वर रीळ चढवायला. मी खाली बसून पॉपकॉर्न खातो."

"थट्टा पुरे. तुला काही झालं तर मला कोण आहे रे?"

"मला काही झालं तर वरचा मजला तुझा. केव्हापासून डोळा आहे तुझा त्याच्यावर!"

मी त्याच्या हातात पाण्याची बाटली कोंबली. "दर रिळानंतर खाली फोन करायचा. नाही आला तर मी वर येणार, आणि सगळ्यांसमोर तुझी अब्रू काढणार."

"करतो गं बाई. जीव नको खाऊस."

रबरी चपला फटफट वाजवत तो जिना चढला.

ते त्याचं शेवटचं बोलणं.

शो सुरू झाला. मी हॉलच्या दारावरचा पडदा सारून आत डोकावले. पहिलं रीळ संपत आलं होतं. ठिपका चमकला… पुन्हा चमकला… आणि चित्र बदललं.

मी चमकले.

कॅझचा पाय नेहमी किंचित उशिरा पडायचा. रीळ बदलताना एक बारीक हिसका बसायचा. लोकांना कळायचं नाही, मला कळायचं. त्यावरून मी त्याला आयुष्यभर चिडवलं.

त्या दिवशी हिसका बसला नाही.

हॉलच्या दारावर तिकिटं तपासणारा हर्ब माझ्याकडे बघून हसला. "तुझा भाऊ आज भलताच रंगात आहे गं."

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. कबूल केल्याप्रमाणे.

"कॅझ? कसा आहेस?"

नुसती मशीनची घरघर…

मग आवाज आला. "सगळं ठीक."

"घसा का बसलाय तुझा? पाणी प्यायलास का?"

"सगळं ठीक. पडदा बघ."

फोन बंद.

ना टोमणा, ना थट्टा. मला वाटलं, स्वारी मघाच्या बोलण्यावरून फुगलीय. मनात म्हटलं, फुगू दे. फोन तर केला ना!

दुसरं रीळ संपलं. पुन्हा हिसका नाही. पुन्हा फोन.

"सगळं ठीक. पडदा बघ."

तोच सूर. दोन वाक्यांमध्ये तेवढीच फट.

त्याच सुमारास कुठूनतरी दबका आवाज आला… धप… धप… थोड्या वेळाने पुन्हा एकदा… धप. सिनेमात घोडेस्वार दौडत होते. मला वाटलं, त्यातलाच आवाज.

मग तो थांबला.

केबिन आमच्या लॉबीच्या बरोबर डोक्यावर आहे. वर कुणी चाललं तर खाली ऐकू येतं. कॅझच्या चपलांची फटफट तर मला पाठ होती. मी हिशेबाचे कागद बाजूला सारले आणि कान दिला.

टक… टक… टक…

या मशीनपासून त्या मशीनपर्यंत. मग परत.

रबरी चपला अशा वाजत नाहीत.

"हर्ब, वर कुणी गेलंय का?"

"कोण जाणार? जिना माझ्या नाकासमोर आहे. कॅझ गेला तेवढाच."

मी सरळ जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला…

…आणि फोन वाजला.

रीळ संपायला अजून वेळ होता. मी धावत मागे आले.

"वर यायची गरज नाही."

"कॅझ? अरे, तूच बोलतोयस ना?"

"सगळं ठीक. पडदा बघ."

मी दारावरचा पडदा बाजूला केला आणि हॉलमध्ये बघितलं. चित्र स्वच्छ. स्थिर. कुठे थरथर नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू वर का गेली नाहीस?

आमच्या धंद्यात जन्म काढलेल्या कुणालाही विचारा. दोन मशीनवर सिनेमा नीट चालला आहे, याचा अर्थ एकच. वरचा माणूस धडधाकट आहे. रीळ काही आपोआप चढत नाही. चित्र चालू असताना ऑपरेटरची काळजी करणं म्हणजे जेवण वाढलं जात असताना स्वयंपाकी आहे का, असं विचारणं. मी खुर्चीवर बसले. माझं मन शांतसुद्धा झालं हो!

सिनेमा संपला. दिवे लागले. लोकांनी रिवाजाप्रमाणे मागे केबिनच्या खिडकीकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या.

मी लिंबाचं सरबत घेऊन वर गेले. दार ढकललं. उघडेना. आतून काहीतरी जड टेकलं होतं. मी फटीतून आत बघितलं.

चपला दिसल्या. पायांत होत्या.

हर्बने आणि मी जोर लावून दार लोटलं. कॅझ दाराला लागून पडला होता. उजव्या हाताची बोटं सोललेली. दाराच्या खालच्या भागावर रक्ताचे बारीक डाग…

तो दार ठोठावत होता.

केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर पडायला दुसरं दारही नाही. दोन्ही मशीन व्यवस्थित बंद केलेली. संपलेली रिळं गुंडाळून डब्यांत ठेवलेली, झाकणं लावलेली. पाण्याची बाटली तशीच, भरलेली.

इस्पितळातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने माझा हात धरला. म्हणाली, "हे बराच वेळ पडून होते. सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कोसळले असणार. पण लगेच गेले नाहीत. कुणी वेळेत पोचलं असतं तर…"

पुढचं तिने गिळलं. मला ऐकू आलं.

पडदा पांढरा पडला असता, तर मी धावत वर गेले असते. सगळेच गेले असते. माझा भाऊ वाचला असता.

थिएटरच्या मंडळींनी आपापसात ठरवून टाकलं, डॉक्टरांचा वेळेचा अंदाज चुकला असेल. कॅझने सिनेमा पूर्ण केला, सगळं आवरलं आणि मग तो कोसळला. "आवडतं काम करताना गेला," असं मला सांगायला लागले. माझं डोकं सणकलं. मी विचारलं, "मग फोनवर कोण होतं? तो आवाज माझ्या भावाचा नव्हता, एवढं मला कळत नाही?" सगळे खाली बघायला लागले. दुःखाने बाई भ्रमली, असं त्यांना वाटलं असणार.

पुढचा रविवार मोसमातला शेवटचा. शिकागोहून नोरीन नावाची ऑपरेटर बोलावली होती. तिशीतली पोर. मी गेले ती तिच्यासाठी. तिला वर एकटी सोडणार नव्हते मी. केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "दार उघडंच राहू द्या, मावशी."

पहिलं रीळ संपत आलं. दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवून तयार होतं. मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठले.

"बदलू नकोस."

"अहो, पडदा पांढरा पडेल!"

"पडू दे. माझी शपथ आहे तुला. हात लावू नकोस, पाय लावू नकोस."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागे सरून भिंतीला टेकली. मीही टेकले.

ठिपका चमकला…

दुसरं मशीन आपोआप घरघरायला लागलं.

पुन्हा ठिपका…

जमिनीवरची पट्टी खाली गेली. कुणीतरी पाय ठेवावा तशी. सावकाश. बरोबर वेळेवर.

चित्र बदललं. हिसका बसला नाही.

नोरीनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की तिची नखं रुतली. आम्ही दोघी जिना उतरून लॉबीत आलो. हर्ब आमच्याकडे बघायला लागला. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही दोघी खाली… मग वर कोण आहे?"

तिसरं रीळ अजून डब्यातच होतं. ते कुणी चढवलेलं नव्हतं.

डोक्यावर पावलं वाजायला लागली. टक… टक… टक…

खिडकीतला फोन वाजला. तिघांपैकी कुणीही उचलला नाही. तो वाजत राहिला आणि बंद झाला.

माझा बांध फुटला. मी छताकडे तोंड करून ओरडले. हॉलमध्ये ऐकू जाईल याची पर्वा केली नाही.

"एमिल! माझा भाऊ तुझ्या पायाशी पडला होता रे! तो दार ठोठावत होता, आणि तू रिळं बदलत होतास!"

पावलं थांबली.

हर्बने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मला वाटलं, ऐकलं त्याने. आता पडेल पडदा पांढरा…

मग पावलं पुन्हा चालू लागली. रीळ संपत आलं होतं.

सिनेमा शेवटपर्यंत चालला. लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या.

नोरीन त्याच संध्याकाळी शिकागोला परत गेली. माझे फोन ती उचलत नाही. मीही व्हेस्टा सोडलं. पण उन्हाळी मोसम चालूच आहे. लोक म्हणतात, इतकं सुंदर प्रोजेक्शन आख्ख्या राज्यात कुठे नाही. आता तिथे एक वयस्क ऑपरेटर ठेवलाय, साखरेचं दुखणं असलेला. माझ्या सांगण्याने त्याने केबिनचं दार उघडं ठेवायचं कबूल केलंय. ठेवतो की नाही, देव जाणे.

उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी मी घरून व्हेस्टाच्या तिकीट खिडकीवर फोन लावते. वरचा माणूस कसा आहे, विचारते.

खिडकीवरची मुलगी गोड आवाजात सांगते, "काळजी करू नका हो. आत्ताच वरून फोन आला होता. सगळं ठीक आहे म्हणाले."

मी फोन ठेवते, गाडी काढते, आणि स्वतः जाऊन बघून येते.