तळघरातली दोघांची खोली

ते हॉस्टेल घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, टेगन. घे ना. फोटो चांगले आहेत, स्टेशन जवळ आहे, सकाळचा नाश्ता आहे. मी एवढंच म्हटलं, की खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी बघ. आता तू ‘का’ म्हणून विचारलंस, तर सांगतो. एरवी नसतं सांगितलं. बावीस वर्षं या काउंटरवर रात्रपाळी करतोय मी. तुमच्यासारखी पोरं येतात, या स्वयंपाकघरात शेवया उकडतात, पुढच्या गावातलं हॉस्टेल शोधत बसतात आणि सकाळी जातात. मी कुणाला घाबरवत नाही. घाबरलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

फाकुंदो, मोठा दिवा नको लावूस. वर लोक झोपलेत.

माझ्या दारासमोरच्या घरात मार्येता राहते. शाळेत स्वयंपाक करायची, आता निवृत्त झाली. नवरा कधीच गेला. तिला दोन मुलं. थोरली नेझा, धाकटा येर्नेय. नेझा चोवीस, येर्नेय बावीस. भांडायची अशी, की भिंतीतून ऐकू यायचं. आणि एकमेकांवाचून करमायचंही नाही.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात दोघांनी ठरवलं, जूनमध्ये पाठीला सॅक लावून उत्तरेकडे जायचं. ग्रात्स, ब्रनो, व्रोत्सवाफ आणि शेवटी ग्दान्स्क, समुद्रापर्यंत. रोज संध्याकाळी मार्येताच्या टेबलावर हॉस्टेलं निवडणं चालायचं. मी कॉफीला जायचो ना, तर नेझा मलाही बसवायची. “काका, तुम्ही धंद्यातले. सांगा, हा माणूस खरं लिहितोय का?” मी म्हणायचो, चांगलं लिहिणाऱ्याकडे बघू नकोस, वाईट लिहिणाऱ्याचं वाच. तिला ते पटलं. त्यानंतर ती वाईट रिव्ह्यूच आधी वाचायची, तेही मोठ्याने, आवाज काढून. येर्नेय हसून खुर्चीवरून पडायचा.

तिचे नियम होते. सगळ्यांत स्वस्त घ्यायचं नाही, त्याच्या वरचं घ्यायचं. पलंगाला पडदा हवा. खालचा पलंग तिचा, वरचा त्याचा. आणि तळघर कधीच नाही. फुकट दिलं तरी नाही. “जिथून धावत रस्त्यावर येता येत नाही, तिथे झोपायचं नाही,” असं म्हणायची.

मार्चमध्ये नेझा गेली.

काही नव्हतं हो. कामावर होती. डोकं दुखतंय म्हणाली, खुर्चीत बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

येर्नेय रडला नाही. मातीला आला, उभा राहिला, घरी गेला. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा. पण समोर कुणी नसल्यासारखं. मार्येता मला म्हणाली, “लोयझे, याने एकदा भांडी फोडली असती तरी मला बरं वाटलं असतं.”

मे महिन्यात तो माझ्याकडे आला. हातात नेझाने केलेली हॉस्टेलांची यादी.

“काका, मी जातोय.”

“एकटा?”

“तारखा लिहिलेल्या आहेत.”

एवढंच. मग म्हणाला, तिचे पलंग रद्द करायचेत, मला फोन करवत नाही. मी केले. चारही ठिकाणी मी, या इथून, या फोनवरून. दोन पलंग होते, आता एक. मुलगी येणार नाही. का येणार नाही ते मी सांगितलं नाही. चौघांनी ‘बरं’ म्हटलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला स्वतःलाच त्याची खात्री वाटेनाशी झाली.

आठ जूनला तो निघाला. ग्रात्समध्ये काही झालं नाही. ब्रनोमध्ये काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “दुसरी चावी कोणाला देऊ?” तो म्हणाला, “मी एकटाच आहे.” तिने यादी पाहिली, खांदे उडवले. असं होतं आमच्याकडे. मीही दहा वेळा चुकलोय.

अकराला तो व्रोत्सवाफला पोहोचला. तिथे काउंटरवर एक दाढीवाला गृहस्थ होता. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, “हो हो, तुमची बहीण वर गेली. तासभर झाला.”

टेगन, तू काय केलं असतंस? ओरडली असतीस. कोण गेलंय, दाखवा म्हणाली असतीस. येर्नेय ‘बरं’ म्हणाला. मी त्याला नंतर विचारलं, अरे, तुला काहीच कसं वाटलं नाही? तो म्हणाला, “काका, तेव्हा मला काही वाटतच नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात ना, गाल आपला नसतो. तसा मी सगळाच.”

तो वर गेला. आठ जणांची खोली. खिडकीजवळच्या खालच्या पलंगाचा पडदा ओढलेला. सॅक नाही, चप्पल नाही. नुसता पडदा. तो वरच्या पलंगावर चढला आणि आडवा झाला.

खालून श्वास ऐकू येत होता.

त्याने ऐकत राहायचं ठरवलं. नेझा झोपेत बारीक शिट्टी वाजवायची, त्याला लहानपणापासून सवय होती. इथे शिट्टी नव्हती. श्वास आत जायचा. थोडा थांबायचा. परत आत जायचा. बाहेर येताना कधी ऐकू आलाच नाही.

सकाळी पडदा उघडा. चादरीला एक सुरकुती नाही.

त्याने पडदा उघडून का पाहिलं नाही? मीही हेच विचारलं, फाकुंदो. तो म्हणाला, “पाहिलं असतं आणि कुणी नसतं, तर?”

तीन रात्री तो तिथे होता. दुसऱ्या संध्याकाळी त्याने दोन पाव घेतले, खसखस घातलेले, गोड. एक खाल्ला, एक पडद्यापाशी ठेवला. रात्री कागदाची पिशवी वाजली. सकाळी पाव तसाच. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. उलट बरं वाटायला लागलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोराला संध्याकाळ कधी होते असं झालं. दिवसभर तो गावात फिरायचासुद्धा नाही. नदीकाठच्या बाकावर बसून अंधार पडायची वाट बघायचा.

हे सगळं त्याने नंतर सांगितलं. मला पहिली शंका आली ती तेरा तारखेला, मार्येता माझं दार वाजवत आली तेव्हा. फोन पुढे केला. येर्नेयचा निरोप होता. ‘आम्ही ठीक आहोत. उद्या ग्दान्स्क.’

“आम्ही?” ती म्हणाली.

मी त्याला फोन लावला. “येर्नेय, कुणी भेटलं का रे? मैत्रीण वगैरे?”

“नाही काका.”

“मग आईला ‘आम्ही’ काय लिहिलंस?”

तो म्हणाला, “चुकून.” आणि हळूच, जवळ कुणी झोपलं असावं तसा, म्हणाला, “ठेवतो.”

दुपारचे तीन वाजले होते.

आता ती रात्र. चौदा जून, शुक्रवार. गाडी उशिरा पोहोचली. अकरा चाळीसला तो हॉस्टेलच्या दारात होता. बंदराजवळ जुनी धान्याची कोठारं आहेत, त्यातलंच एक. नाव विचारू नका, मी सांगणार नाही. काउंटरवर पन्नाशीची बाई होती, चष्मा गळ्यात, शब्दकोडं सोडवत होती. अगदी साधी बाई. माझ्यासारखी.

“येर्नेय ना? या. तुमची बहीण मघाशीच आली.”

“बरं.”

“तिने खोली बदलून घेतली हं. दहा जणांत नको म्हणाली. खाली दोघांची आहे, ती दिली.”

“खाली म्हणजे?”

“तळघरात. शांत आहे. जिना त्या दाराच्या मागे.”

“तळघर…” तो म्हणाला. “तिने मागितलं?”

“तिनेच. चावी घेऊन गेलीसुद्धा.” बाईने परत पेन्सिल उचलली.

तो जिन्यापाशी गेला. दगडी जिना, अरुंद. दोन्ही बाजूंना चुना फासलेला, बोट लावलं तर पांढरं होईल असा. एक दिवा वर. खाली दिवा नव्हता. तिथे पायऱ्या होत्या की नाही, तेही दिसत नव्हतं.

तो उतरायला लागला.

त्याने मला सांगितलंय, मी वाढवून सांगत नाही. आठ पायऱ्या उतरला. मग खालून आवाज आला.

“येर्नेय…”

तिचाच.

“वरचा पलंग तुझा.”

तिचाच आवाज. शब्दही तेच, तिची बोलायची पद्धतही तीच, ‘तुझा’वर किंचित ओढ देऊन. येर्नेय म्हणाला, “काका, त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आता खाली जायचं आणि झोपायचं. बास. परत वर यायची गरज नाही.”

आणखी दोन पायऱ्या.

तिथे तो थांबला. भीती वाटली म्हणून नव्हे. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती, म्हणून. सवयीने, मार्येताच्या टेबलावर विचारायचा तसं विचारलं.

“नेझा, तळघर का घेतलंस?”

तो किंचित पुढे वाकला.

“नेझा?”

खाली काहीतरी हललं. पडद्याच्या कड्या सरकतात तसं… एक, एक, एक.

मग उत्तर आलं.

“सगळ्यांत स्वस्त होतं.”

…

चहा निवला तुझा, टेगन. राहू दे.

येर्नेय म्हणाला, “हे तिने म्हटलं आणि मला कळलं. हिला आमचं टेबल माहीत नाही.” नाव माहीत होतं. आवाज माहीत होता. पलंग माहीत होता. टेबल नाही.

मग श्वास. आत… थांबला. आत… थांबला. जवळ.

वरचा दिवा होता. खाली अंधार होता. अंधार एक पायरी वर आला.

तो वळला. पाय उचलेनात. सॅक जड झाली. एकाएकी, कुणी आत बसल्यासारखी. त्याने कठडा धरायला हात टाकला. कठडा नव्हता. हात चुन्यावर घसरला.



मग पाठीवर धक्का बसला. जोराचा. खालून वर.

किती पायऱ्या, कसा चढला, त्याला आठवत नाही. बाई उभी राहिली, काहीतरी म्हणाली. तो दारातून बाहेर. रस्ता. ट्रामचे रूळ. पावसाची भुरभुर. तिथे, रुळांवरच, तो बसला.

माझा फोन बारा वीसला वाजला. मी इथेच होतो, या काउंटरवर. आधी मला कळेना कोण आहे. नुसता आवाज. जनावर रडतं तसा. मग शब्द आले.

“काका… नेझा गेली हो. नेझा गेली. नेझा मेली…”

तीन महिन्यांत तो हे पहिल्यांदा बोलत होता. मी म्हटलं, हो रे बाळा. गेली. तू उठ. रुळांवरून उठ आधी. फोन ठेवू नकोस. मी पहाटेची गाडी येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिलो. काय बोललो, ठाऊक नाही. बटाट्याचे भाव, माझा गुडघा. त्या रात्री दोन गिऱ्हाइकांनी बेल वाजवली, मी उठलो नाही.

त्या हॉस्टेलला मी नंतर फोन केला नाही. नंबर लावला होता. वाजायच्या आत ठेवला.

रविवारी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो, मार्येता आणि मी. येर्नेय डब्यातून उतरला. डोळे सुजलेले, नाक लाल, पार दशा झालेली. मार्येताने त्याला धरलं आणि म्हणाली, “आलास.” कारण खरंच तेव्हा तो आला होता. आता बरा आहे. छपरं घालायचं काम करतो, उंचावर. भांडतोसुद्धा. परवा माझ्याशी भांडला, जिन्यात सायकल ठेवण्यावरून.

सॅक मी घेतली होती त्याच्याकडून. निळी सॅक. घरी आल्यावर मार्येताच्या टेबलावर ठेवली आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. मागच्या बाजूला, पाठीच्या मधोमध, चुन्याचे दोन पंजे उमटले होते. बोटं वरच्या दिशेला.

एक लहान. करंगळी जराशी वाकडी, नेझाची होती तशी. मार्येताने त्यावर आपला हात ठेवला नाही, नुसता जवळ नेला.

दुसरा पंजा पट्ट्याच्या खाली होता. तो… धरलेला होता. कापड मुठीत घेतल्यावर चुणी पडते ना, तसा. आणि बोटं लांब होती. फार लांब.

लहान पंजा तिने धुऊ दिला नाही.

दुसरा तिने तीनदा धुतला. सोडा लावून, ब्रशने घासून. अजून निघालेला नाही.