दुसरं वचन

साळवेबाईंच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, डबीच्या झाकणाएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. आरोग्यकेंद्रात त्याला स्वरवेधक म्हणत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बोलण्याची फक्त लय ते टिपायचं. शब्द साठवायचं नाही, कारण घरातलं बोलणं घरातच राहावं असा नियम होता. मेंदूचा एक आजार सुरू झाला की माणूस बोलता बोलता थांबतो, एवढं त्याला शिकवलेलं होतं. तसं आढळलं की त्यावर लाल ठिपका लागायचा. आणि साळवेबाई गेले दोन महिने रोज सकाळी सात वाजता बोलता बोलता थांबत होत्या. सोमवारी त्यांना देखभालगृहात हलवायचं ठरलं होतं.

शेवटची खात्री करायला तंत्रज्ञ नीरजा शुक्रवारी सातला आली. या गावात तिला तीन महिने झाले होते. डबेवाल्या मावशी सोडल्या तर तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे.

"माझं डोकं फिरलंय म्हणे," बाई म्हणाल्या. "तपास हो, पण आधी प्रार्थना. बस तिथे."

त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, स्तोत्राचं एक वचन मोठ्याने वाचलं आणि थांबल्या. अकरा सेकंद. पुन्हा एक वचन. मग सहा सेकंद. मग चौदा. नीरजा पानावर वाकली. आवाज थांबला होता, पण बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. वचन लांब असलं की थांबा लांब, आखूड असलं की आखूड.

"बाई, मधलं वचन का सोडता?"

"सोडते कुठे? ते यांचं. लग्न झाल्यापासून एक वचन मी, एक हे."

"पण साळवेसर तर..."

"गेले. दोन महिने झाले. मूठमाती मीच दिली, विसरले नाही." बाईंनी यंत्राकडे पाहिलं. "हुशार आहे तुझं झाकण, पण कधी चर्चला गेलेलं दिसत नाही. तिथे असंच वाचतात, एक वचन एकाने, पुढचं दुसऱ्यांनी."

नीरजाला हसू आलं. मग तिने हळूच विचारलं, "एकटं वाटत नाही?"

"वाटतं की. एकच कप चहा टाकताना तर फार. पण यांच्या वचनाच्या वेळी मी गप्प राहते ना, तेव्हा शेजारी प्रभू येऊन बसलाय असं वाटतं. मग दिवस निघतो." बाईंनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "वाचतेस यांचं?"

"मी? मी तर तुमच्यातली नाही. आणि तिथे प्रभू बसतो म्हणालात."

"वाच गं. जरा सरकून बसेल तो."

नीरजाने अडखळत वाचलं. बाईंनी पुढचं वचन उचललं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वरवेधकाचा लाल ठिपका हिरवा झाला.

दारातच उभं राहून तिने अहवाल पाठवला: आजार नाही, हलवू नये. "रविवारी ये," आतून हाक आली, "चहा दोन कप टाकते."

मग तिने यादी उघडली. गावात असे थांबणारे आणखी सतरा जण होते. सगळ्यांच्या नावापुढे लाल ठिपका. त्यांतले आजारी किती, आणि कुणासाठी तरी जागा राखून बसलेले किती?

पहिला पत्ता तीन घरं सोडून होता. नीरजा तिकडे चालू लागली.